लिनक्सवर ३६० अंशांची छायाचित्रे फिरवून कशी पाहावीत?

आपण लिहिले आहे की, ३६० अंशांच्या कॅमेऱ्याने काढलेली कोकणातल्या जुन्या घराची छायाचित्रे विंडोजवर कॅमेरा-कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये माउसने चहूबाजूंना फिरवून पाहता येत होती. लिनक्स मिंट घेतल्यापासून मात्र तीच छायाचित्रे आडवी पसरलेली आणि वर-खाली ताणलेली दिसतात. त्यावर उपाय म्हणून आपण फ्रीपीव्ही नावाचा जुना व्ह्यूअर मिळवला, पण तो सुरू करताच 'लिबपीएनजी१२' ही लायब्ररी (चित्रे वाचण्यासाठी लागणारा सहायक भाग) सापडत नाही, असा संदेश आला. शिवाय सुमारे वीस वर्षांपूर्वीच्या दोन 'मूव्ह' फाइली आहेत आणि त्याही उघडत नाहीत. ती लायब्ररी कुठून तरी आणून बसवावी की लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या 'वाइन'मध्ये सरळ विंडोजचे सॉफ्टवेअर चालवावे, असा आपला प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की, छायाचित्रांसाठी या दोन्हींची गरज नाही. वाडे, मंदिरे आणि जुनी घरे यांची ३६० अंशांत नोंद ठेवण्याचे काम मी बरीच वर्षे लिनक्सवरच करत आलो आहे, आणि या विषयात लोकांचा सर्वांत जास्त वेळ जातो तो 'कोणते सॉफ्टवेअर' या प्रश्नावर, तर अडचण बहुधा त्याच्या आधीच्या पायरीवर असते. फाइल नेमकी कोणत्या प्रकारची आहे, ती गोलाकार पाहायची आहे हे सॉफ्टवेअरला कळते आहे का, आणि संगणकाची ग्राफिक्स यंत्रणा ते चित्र पेलते आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ते वेगळे केले की व्ह्यूअर निवडणे सोपे होते. पुढे ज्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत त्या टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टंकाव्यात.

प्रथम छायाचित्रांकडे पाहू. मिंटमधला चित्रे दाखवणारा एक्सव्ह्यूअर आपल्याला जे आडवे, ताणलेले चित्र दाखवतो ते बिघडलेले नाही. संपूर्ण गोल सपाट कागदावर उलगडण्याची ती एक पद्धत आहे. तिला इक्विरेक्टँग्युलर प्रक्षेपण म्हणतात आणि जगाचे काही नकाशे याच पद्धतीने काढलेले असतात. तिच्यात रुंदी ३६० अंशांची आणि उंची १८० अंशांची असते, म्हणून पूर्ण चित्राची रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट असते. फाइलच्या गुणधर्मांत ५३७६ बाय २६८८ किंवा ६७२० बाय ३३६० असे आकडे दिसले, तर कॅमेऱ्याने दोन्ही भिंगांची चित्रे आधीच जोडून दिली आहेत असे समजावे. रिको कंपनीच्या थीटा या ३६० अंशांच्या कॅमेऱ्यांच्या जेपीईजी फाइली अशाच मिळतात आणि आपल्या वर्णनावरून आपल्याही बहुधा अशाच असाव्यात.

चित्रात शेजारी-शेजारी दोन गोल वर्तुळे दिसत असतील, तर गोष्ट वेगळी आहे. ती अजून न जोडलेली, दोन फिशआय (फार रुंद कोनाच्या) भिंगांची कच्ची चित्रे आहेत. इन्स्टा३६० च्या काही कॅमेऱ्यांच्या 'आयएनएसपी' फाइली अशा असतात. अशा फाइलीवर कोणताही व्ह्यूअर आणला तरी उपयोग होणार नाही, आधी जोडणी करावी लागेल. टर्मिनलमधून व्हिडिओ आणि चित्रे बदलून देणाऱ्या एफएफएमपेगच्या ४.३ आवृत्तीपासून 'व्ही३६०' नावाचा फिल्टर आला आहे, त्याला आत येणारे चित्र 'डीफिशआय' आहे आणि बाहेर 'ई' म्हणजे इक्विरेक्टँग्युलर हवे असे सांगता येते. मात्र भिंगाचा कोन आपल्या कॅमेऱ्याप्रमाणे द्यावा लागतो आणि सांधा बऱ्याचदा दिसतो. नीट जोडणी हवी असेल, तर छायाचित्रे जोडणाऱ्या ह्युजिन या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही अर्धी चित्रे फिशआय म्हणून देऊन, दोघांत समान असलेले बिंदू जुळवून ती करावी. कंपनीचे सॉफ्टवेअर विंडोजवर अजून उपलब्ध असेल, तर एकदाच तिथे बसून सगळी छायाचित्रे जोडून जेपीईजी करून घेणे हा मला सर्वांत शहाणा मार्ग वाटतो, कारण भिंगाची अचूक मोजमापे त्या सॉफ्टवेअरलाच ठाऊक असतात.

तिसरी शक्यता मोबाइलवर हात फिरवत काढलेल्या पॅनोरामाची. त्याची रुंदी उंचीच्या चौपट-पाचपट असते, त्यात आकाश आणि जमीन पूर्ण नसते आणि तो बहुतेक वेळा दंडगोलाच्या पृष्ठभागावर उलगडलेला असतो. तोही फिरवून पाहता येतो, परंतु तो किती अंशांचा आहे हे व्ह्यूअरला सांगावे लागते, अन्यथा अर्धेच अंगण पूर्ण गोलावर ताणले जाते.

आता दुसरा प्रश्न. ३६० अंशांच्या फाइलीच्या आत, चित्राच्या बरोबरीने, 'हे चित्र गोलाकार आहे' अशी चिठ्ठी असते. तिचे तांत्रिक नाव जीपॅनो. ही एक्सएमपी प्रकारची माहिती असून तिच्यात प्रक्षेपणाचा प्रकार, पूर्ण पॅनोरामाची रुंदी-उंची आणि चित्र कापलेले असेल तर ते कुठून कापले आहे, एवढे नोंदवलेले असते. अनेक सॉफ्टवेअर चित्राकडे न पाहता या चिठ्ठीवर विसंबतात. ही चिठ्ठी हरवण्याची दोन नेहमीची कारणे मला दिसतात. पहिले म्हणजे व्हॉट्सॲप: घरातल्या कुणीतरी छायाचित्र साध्या फोटोसारखे पाठवले की ते लहानही होते आणि त्यातली माहितीही गळून जाते, म्हणून अशी छायाचित्रे नेहमी डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत. दुसरे कारण म्हणजे रंग सुधारण्यासाठी छायाचित्र दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून जतन करताना मेटाडेटा (म्हणजे ही माहिती) सोबत ठेवण्याची खूण केलेली नसणे.

तपासणीसाठी फिल हार्वे यांचे एक्झिफटूल वापरावे. मिंट, उबंटू आणि डेबियन या सर्वांवर ते 'लिबइमेज-एक्झिफटूल-पर्ल' या पॅकेजमधून येते. 'एक्झिफटूल' आणि पुढे फाइलचे नाव एवढे टंकले की यादी उमटते. तिच्यात 'प्रोजेक्शन टाइप' समोर 'इक्विरेक्टँग्युलर' दिसले तर चिठ्ठी शाबूत आहे. ती ओळच नसेल आणि चित्राचे प्रमाण दोनास एक असेल, तर त्याच आज्ञेत 'प्रोजेक्शनटाइप' या टॅगला 'इक्विरेक्टँग्युलर' ही किंमत देऊन ती पुन्हा घालता येते. चित्राच्या ठिपक्यांना त्यात धक्का लागत नाही, आणि एक्झिफटूल मूळ फाइल 'ओरिजिनल' असे शेपूट लावून शेजारी ठेवते. तरीही घरची एकमेव प्रत असलेल्या छायाचित्रांवर थेट काम करू नये. आधी संपूर्ण फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, मगच हात लावावा.

इथपर्यंत आलात की सर्वांत जलद कसोटी व्हीएलसी या मीडिया प्लेअरची. २०१८ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून व्हीएलसी ३६० अंशांचे व्हिडिओ दाखवतो आणि ही चिठ्ठी असलेली जेपीईजी छायाचित्रेही तशीच उघडतो. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून तो बसवावा, छायाचित्र त्यावर ओढून सोडावे आणि माउसचे बटण दाबून धरून चित्र फिरवून पाहावे. चित्र दहा सेकंदांत निघून जाईल, कारण व्हीएलसी कोणत्याही स्थिर चित्राला मुळात तेवढाच वेळ देतो. प्रगत सेटिंगमध्ये चित्राचा कालावधी ऋण एक केला की ते थांबून राहते. घरी बसून दोन-चार छायाचित्रे पाहायची असतील, तर एवढ्यावरच आपले काम भागेल.

परंतु माजघरातून ओटीवर, ओटीवरून अंगणात असे क्रमाने जायचे असेल किंवा नातेवाइकांना दाखवायचे असेल, तर मी पॅनेलम सुचवतो. मॅथ्यू पेट्रॉफ यांनी लिहिलेला हा मुक्त व्ह्यूअर ब्राउझरमध्ये चालतो. ब्राउझरवर माझा भर का आहे, हे थोडे उलगडून सांगतो. पॅनोरामा पाहण्याच्या जुन्या साधनांचा इतिहास म्हणजे एकामागून एक आधार निखळत गेल्याचा इतिहास आहे. ॲपलने १९९५ मध्ये क्विकटाइम व्हीआर आणले, पण त्याचे सॉफ्टवेअर लिनक्सवर कधी आलेच नाही आणि विंडोजवरचे क्विकटाइमही २०१६ मध्ये ॲपलने वाऱ्यावर सोडले. हेल्मुट डर्श यांचा पीटीव्ह्यूअर जावा ॲप्लेट म्हणून, म्हणजे प्लगइनच्या आधारे ब्राउझरमध्ये चालत असे. २०१५ मध्ये क्रोमने आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सने त्या प्रकारच्या प्लगइनना दार बंद केले. त्यानंतर फ्लॅशवर अवलंबून असलेले सगळे व्ह्यूअर २०२० च्या अखेरीस फ्लॅशबरोबरच संपले. आज वेबजीएल या मानकामुळे कोणतेही प्लगइन न लावता ब्राउझर थेट ग्राफिक्स चिपकडून गोल रंगवून घेऊ शकतो. लिनक्सच्या ज्या वितरणावर अद्ययावत फायरफॉक्स चालतो त्यावर हे चालते, मग ते मिंट असो, फेडोरा असो की आणखी काही. कोणत्याही एका लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीवर ते टांगलेले नाही.

पॅनेलमची झिप फाइल उतरवून एखाद्या फोल्डरमध्ये उलगडावी आणि छायाचित्रेही त्याच फोल्डरमध्ये ठेवावीत. येथे बहुतेक जण एका ठिकाणी अडतात: 'पॅनेलम.एचटीएम' या फाइलवर दोनदा टिचकी मारली की पान उघडते, पण चित्राच्या जागी फाइल मिळत नसल्याचा संदेश येतो. फाइल तिथेच असते. संगणकावरून थेट उघडलेल्या पानाला शेजारच्या फाइली वाचू न देणे हा ब्राउझरचा सुरक्षेचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. त्यामुळे ते पान छोट्या सर्व्हरमार्फत उघडावे लागते, आणि तो सर्व्हर मिंटवर आधीच बसवलेल्या पायथॉनमध्ये असतो. त्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून 'पायथॉन३', मग 'उणे एम', मग 'एचटीटीपी.सर्व्हर' असे टंकावे. त्यापुढे 'बाइंड' हा पर्याय लावून १२७.०.०.१ हा पत्ता द्यावा असे मी आवर्जून सांगेन, कारण तो दिला नाही तर त्याच वायफायवरचा कुणीही आपले फोल्डर पाहू शकतो. यानंतर ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचे (म्हणजे आपल्याच संगणकाचे) ८००० क्रमांकाचे पोर्ट उघडून पॅनेलमच्या पानाच्या नावापुढे हॅश चिन्ह, 'पॅनोरामा' हा शब्द, बरोबरचे चिन्ह आणि छायाचित्राचे नाव एवढे जोडले की ओटी आपल्यासमोर फिरू लागेल.

तरीही फाइल सापडत नाही असे आले, तर नाव तपासावे. कॅमेरे बऱ्याचदा फाइलीच्या शेवटी मोठ्या अक्षरांत 'जेपीजी' लिहितात, आपण ते लहान अक्षरांत टंकतो, आणि विंडोजला जो फरक जाणवत नव्हता तो लिनक्सला जाणवतो. नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरे असतील, तर पत्त्यात त्यांची रूपे बदलतात. म्हणून पाहण्यासाठीच्या प्रतींना लहान रोमन अक्षरांत, जागा न सोडता नावे द्यावीत आणि मराठी शीर्षके जेसन प्रकारच्या मांडणी-फाइलीत लिहावीत. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणाऱ्या खुणाही याच फाइलीत नोंदवता येतात. मोबाइलवर काढलेल्या अपुऱ्या पॅनोरामासाठी आडवा आणि उभा कोनही तिथेच देतात.

नातेवाइकांना हे पेनड्राइव्हवर दिले, तर ब्राउझरचा तोच सुरक्षेचा नियम त्यांच्या संगणकावर आडवा येईल. म्हणून तेच फोल्डर एखाद्या साध्या, स्थिर पाने ठेवणाऱ्या वेब-जागेवर चढवावे. चढवण्यापूर्वी एक्झिफटूलने छायाचित्रांतले जीपीएस स्थान काढून टाकावे; बंद असलेल्या घराचा आतला प्रत्येक कोपरा आणि त्याचे नेमके ठिकाण एकत्र प्रसिद्ध होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

तिसरा प्रश्न ग्राफिक्सचा, आणि येथे सगळे आपल्या लॅपटॉपवर अवलंबून आहे. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या जागी 'अबाउट:सपोर्ट' टंकले की ग्राफिक्स विभागात वेबजीएल कोण चालवत आहे ते दिसते. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाचे नाव असेल तर ठीक. 'एलएलव्हीएमपाइप' असे असेल, तर ग्राफिक्स चिप वापरात नसून सगळे काम मुख्य प्रोसेसरवर पडते आहे. चित्र दिसेल, पण अडखळत फिरेल आणि पंखा घोंघावू लागेल. एनव्हिडियाच्या यंत्रावर अशा वेळी मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून शिफारस केलेला ड्रायव्हर घ्यावा.

चित्र फार मोठे असणे ही दुसरी अडचण. ग्राफिक्स चिप एका तुकड्यात किती रुंद चित्र घेऊ शकते याला मर्यादा असते. अनेक जुन्या चिपवर ती ८१९२ ठिपक्यांची आहे, नव्यांवर बहुधा १६३८४. थीटा एक्सचे ११००८ बाय ५५०४ चे छायाचित्र जुन्या चिपवर त्यामुळेच अडचणीचे ठरू शकते. चित्र मर्यादेत बसले नाही, तर पॅनेलम तसा स्पष्ट संदेश देतो. शिवाय जेपीईजी फाइल डिस्कवर लहान दिसली तरी उलगडल्यावर प्रत्येक ठिपक्याला चार बाइट लागतात, म्हणजे या एका छायाचित्राला सुमारे २४० मेगाबाइट स्मृती लागते. आपल्या छायाचित्रांची रुंदी ५३७६ असेल तर हा प्रश्न उद्भवणार नाही. असलाच, तर पाहण्यासाठी ८१९२ बाय ४०९६ ची प्रत करावी. सगळा तपशील हवाच असेल, तर पॅनेलमबरोबर येणारी 'जनरेट' ही पायथॉन स्क्रिप्ट चित्राचे अनेक पातळ्यांवरचे तुकडे करून देते, आणि मग जिथे पाहाल तेवढेच तुकडे उतरतात. तिला ह्युजिनबरोबर येणारा 'नोना' हा प्रोग्राम लागतो.

चित्र धूसर दिसते अशी तक्रार यानंतर हमखास येते, म्हणून आधीच सांगतो. पडद्यावर आपण एका वेळी साधारण ९० अंश पाहतो, म्हणजे चित्राच्या रुंदीचा चौथा भाग. ५३७६ चा चौथा भाग १३४४ होतो आणि तो १९२० ठिपक्यांच्या पडद्यावर ताणला जातो. कोणताही व्ह्यूअर बदलून ही धूसरता जाणार नाही. खिडकी लहान करून पाहिले तर ती कमी जाणवते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. लिबपीएनजी१२ उबंटूच्या १६.०४ नंतरच्या आवृत्त्यांत नाही, आणि मिंटचा पाया उबंटूच असल्याने ती आपल्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळणार नाही. इंटरनेटवर तिची सुटी पॅकेजे सापडतात, पण ती बसवू नयेत असे माझे ठाम मत आहे. चित्रे वाचणाऱ्या लायब्ररीत सुरक्षेच्या त्रुटी निघत असतात, आणि जुन्या आवृत्तीची डागडुजी आता कुणी करत नाही. शिवाय एक लायब्ररी मिळाली की पुढची मागितली जाते, आणि वाटेत चालू सिस्टीमची पॅकेजे एकमेकांत अडकण्याचा धोका असतो.

वाइनबद्दल मी इतका कठोर नाही. एखादा लहान, एकाच फाइलीचा जुना विंडोज व्ह्यूअर वाइनमध्ये बऱ्याचदा नीट चालतो. कॅमेरा-कंपन्यांची मोठी सॉफ्टवेअर मात्र व्हिडिओ डीकोडर, डायरेक्टएक्स आणि कधी ऑनलाइन लॉगिन अशा अनेक गोष्टींवर उभी असतात, त्यामुळे तिथे यश आपली वाइनची आवृत्ती, ड्रायव्हर आणि त्या सॉफ्टवेअरची आवृत्ती या तिन्हींच्या मेळावर ठरते. केवळ पाहण्यासाठी तो खटाटोप करू नये. कच्च्या फाइली जोडण्याचा दुसरा मार्ग उरला नसेल तरच करावा.

राहिल्या त्या दोन 'मूव्ह' फाइली. व्हीएलसीमध्ये त्या उघडल्यावर साधा व्हिडिओ सुरू झाला, तर प्रश्नच नाही. काहीच दिसले नाही किंवा एखादे लहानसे स्थिर चित्र दिसले, तर त्या बहुधा क्विकटाइम व्हीआरच्या आहेत. त्या काळी अनेक पर्यटन-सीडींवर अशाच फाइली असत. हा एकच प्रकार असा आहे की ज्यासाठी फ्रीपीव्हीची आठवण येणे योग्य आहे, कारण तो क्विकटाइम व्हीआर वाचू शकत असे. पण येथेही मी व्ह्यूअर जिवंत करण्यापेक्षा फाइल बदलून घेतो. घनाकार प्रकारच्या व्हीआर फाइलीत घनाच्या सहा बाजूंची जेपीईजी चित्रे दडलेली असतात. ब्रुनो पोस्टल यांच्या पॅनोटूल्स-स्क्रिप्ट संचातला 'क्यूटीव्हीआर२इरेक्ट' हा प्रोग्राम ती बाहेर काढून इक्विरेक्टँग्युलर चित्र बनवतो. ते चित्र पुढे एक्झिफटूलने चिठ्ठी लावून पॅनेलममध्ये बाकीच्या छायाचित्रांसारखेच पाहता येते. दंडगोल प्रकारच्या फाइलीत मात्र सहा बाजू नसून एकच लांब पट्टी असते आणि तिच्यावर हा मार्ग लागू पडत नाही. आपल्या फाइली कोणत्या प्रकारच्या आहेत हे त्या पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. टर्मिनलमध्ये 'एक्झिफटूल' पुढे त्या फाइलीचे नाव देऊन जी यादी येईल ती येथे चिकटवावी, म्हणजे पुढची पायरी नेमकी सांगता येईल. मूळ 'मूव्ह' फाइली तोवर जशाच्या तशा ठेवाव्यात आणि रूपांतर झाल्यावरही पुसू नयेत.